कंडेन्सरवरची लाल वायर

त्या रविवारी दुपारी लाल वायरचा चिमटा मी हलवला. चाचा जमिनीवर पडले होते, बायको पाणी आणायला आत गेली होती आणि खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी आधी चाचांना उठवायला हवं होतं. मी आधी वायर उचलली. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी कुठेतरी स्वतःला सांभाळून घेईन अशी भीती वाटते. चार महिने मी तेच करत होतो.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पन्नाशी उलटून गेली. पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं गव्हाणचं घर रिकामं केलं तेव्हा भांडीकुंडी बायकोच्या वहिनीकडे गेली आणि रेकॉर्डच्या दोन पेट्या आमच्याकडे आल्या, कारण त्या दुसऱ्या कोणाला नकोच होत्या. सासरे शाळेत शिक्षक होते. रविवारी सकाळी दाढी करताना रेकॉर्ड लावायचे आणि गाणं संपलं की गालाला साबण तसाच ठेवून बाजू पालटायला यायचे, एवढं बायकोला आठवत होतं. तिला त्या पुन्हा ऐकायच्या होत्या.

मी जुन्या बाजारातून टर्नटेबल आणलं, त्याचा पट्टा बदलला, घरच्या ॲम्प्लिफायरला जोडलं. आवाज आला तो भिंतीपलीकडे कोणी बोलत असल्यासारखा. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा सिग्नल फार बारीक असतो. शिवाय रेकॉर्ड तयार करताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे चढवलेले. ते पुन्हा सरळ करून आवाज मोठा करायला मध्ये एक वेगळा डबा लागतो, त्याला फोनो प्रीॲम्प म्हणतात. तयार मिळतो. पण स्वस्तातला घेतला तर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं आणि चांगला घ्यायचा तर माझा महिन्याचा पगार जातो. मी ठरवलं, घरीच बनवायचा आणि तोही जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. बायकोला सांगताना मी तिच्या वडिलांचं नाव पुढे केलं. खरं म्हणजे हौस माझीच होती.

व्हॉल्व्ह शोधत मी पनवेलच्या जुन्या भागात मोहल्ल्यात पोचलो. तिथे एक रेडिओवाले आहेत असं कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं होतं. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथल्या माणसाने वरचा जिना दाखवला. वर खिडकीपाशी टेबल होतं आणि टेबलामागे पांढऱ्या कुडत्यातले, पंचाहत्तरी ओलांडलेले चाचा. तरुणपणी वीस वर्षं कुवेतला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करून परत आलेले. मी इंटरनेटवरून छापून आणलेलं सर्किट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "इंजिनियरसाहेब, चित्र छान आहे. फ्रेम करून भिंतीला लावा."

मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाला आहे, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी ते मला शेवटपर्यंत इंजिनियरसाहेबच म्हणत राहिले. मूड चांगला असला की 'बेटा'.

त्या दिवशी त्यांनी कागदाच्या पाठीमागे दुसरं सर्किट काढून दिलं, निम्म्या सामानाचं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह काढले. पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी कपाटातून एक रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली. कुवेतहून आणलेली कव्वालीची होती. प्लेअर कधीच मोडीत गेला होता. डबा तयार झाला की तुमच्या घरी पहिली माझी तबकडी लावायची, एवढीच त्यांची अट होती.

मग पाच-सहा रविवार मी त्यांच्याकडे जात राहिलो. डब्यासाठी पत्रा हवा होता, म्हणून बायकोचा वड्या थापायचा ॲल्युमिनियमचा ट्रे उचलला, पालथा घातला आणि त्यालाच भोकं पाडली. कंपनीजवळच्या भंगारवाल्याकडून एकसारखे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर आणले. एकाने घरातली वीज बारा व्होल्टवर आणायची, दुसरा उलटा जोडून पुन्हा वर चढवायची. व्हॉल्व्हला लागणारा तीनशे व्होल्टच्या आसपासचा दाब असा स्वस्तात मिळतो. ही युक्ती चाचांचीच. बायकोने ट्रे बघितला तेव्हा विचारलं, आता वड्या कशावर थापू, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर?

चाचांचे दोन नियम होते. चालू डब्यात बोट घालताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जात नाही. दुसरा नियम लाल वायरचा. वीज बंद केली तरी आतले वीज साठवणारे मोठे कंडेन्सर भरलेले राहतात, कधी मिनिटभर, कधी कितीतरी वेळ. ते रिकामे करायला चाचांनी मला एक वायर बनवून दिली. हातभर लांब, लाल, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे, मध्ये काळ्या नळीखाली एक रेझिस्टर, म्हणजे ठिणगी न उडता सगळं गुपचूप उतरतं. एक चिमटा पत्र्याला, दुसरा कंडेन्सरच्या प्लसला. काम चालू असेपर्यंत ती तिथेच ठेवायची. वायर लागलेली दिसली की डबा मेलेला समजायचा.

मी विचारलं, बंद आहे का असं एकमेकांना विचारून भागत नाही का?

"कुवेतला आम्ही एका टेबलावर चौघे होतो," ते म्हणाले. "एक इजिप्तचा मिसरी, एक फिलिपिनो, एक मलबारी आणि मी. विचारणार कुठल्या जबानीत? म्हणून वायर. वायर बघितली की डोळे मिटून हात घालायचा."

मला हे लगेच पटलं, कारण आमच्या कंपनीतही तसंच आहे. मशीनवर काम करणारा माणूस स्विचला स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावतो. दुसऱ्याने तो टॅग हलवला तर त्याची नोकरी जाते, आणि ते बरोबरच आहे. नव्या लोकांना हे शिकवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

दिवाळीच्या आधी डबा जोडून झाला. चालू केला, व्हॉल्व्ह मंद तांबडे झाले, आणि स्पीकरमधून गाण्याच्या खाली एक घुमणारा आवाज येऊ लागला. त्याला हमिंग म्हणतात. अशा डब्यांचा हा नेहमीचा रोग. कुठेतरी अर्थिंग, चाचांच्या भाषेत 'जमीन', चुकलेलं असतं. मी तीन आठवडे ते शोधत होतो. वायरी हलवल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवले. शेवटी चाचांना फोन केला. ते म्हणाले, रविवारी दुपारी येतो, तीन जिने चढायला माझे पाय अजून शाबूत आहेत.

त्या रविवारी जेवणाआधी मी पुन्हा डब्यावर बसलो. हमिंग व्हॉल्व्हमधून येतंय की पुरवठ्यातून, हे बघायला मी दोन्ही व्हॉल्व्ह काढून ठेवले. कंडेन्सर हळूहळू रिकामा करणारा एक रेझिस्टर असतो, त्याला ब्लीडर म्हणतात. त्याचाही एक पाय मी सोडवला, तोच काही गडबड करतो की काय म्हणून. मीटर लावलं, डबा चालू केला, व्होल्टेज बघितलं, बंद केला. व्हॉल्व्ह असते तर त्यांनी कंडेन्सर पिऊन टाकला असता. ब्लीडर असता तरी थोड्या वेळात उतरला असता. दोन्ही नव्हते. उरली होती लाल वायर. ती मला टेबलाखाली पडलेली सापडली. जेवणाची हाक आली होती. पुन्हा पडू नये म्हणून मी तिचे दोन्ही चिमटे ट्रेच्या कडेलाच अडकवले. त्यातला एक कंडेन्सरच्या अगदी शेजारी आला. जेवून लावू, असं मनात म्हटलं. नक्की म्हटलं का, तेही आता सांगता येत नाही.

अर्ध्या तासात चाचा आले. ठरल्यापेक्षा लवकर. बायको चहा टाकायला गेली. चाचा स्टुलावर बसले, थोडा दम घेतला, टेबलाकडे बघितलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांना लाल वायर दिसली. डावा हात त्यांनी कुडत्याच्या खिशात घातला. उजवं मनगट ट्रेच्या कडेवर टेकवून अर्थच्या एका वायरकडे बोट नेलं आणि म्हणाले, ही जमीन इथे कशाला बांधलीस, ही तर...

बोट कंडेन्सरच्या प्लसला लागलं आणि हात झटकन मागे आला. स्टूल उलटलं. ते कुशीवर पडले आणि डोकं पलंगाच्या लाकडाला लागलं. डोळे उघडे होते पण ते बोलत नव्हते. बायको धावत आली, बघितलं आणि पाण्यासाठी परत आत पळाली.

तेवढ्यात मी तो चिमटा पत्र्यावरून काढून कंडेन्सरच्या प्लसला लावला. ठिणगी उडाली नाही. ती उडू नये म्हणूनच तर चाचांनी त्यात रेझिस्टर घातला होता.

का केलं याचा मी खूप विचार केला आहे. विचार करून केलं नाही, एवढं खरं. परीक्षेत गुरुजी जवळ आले की पोरं वही झाकतात, तसा माझा हात गेला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक मेमो नाही. चूक माझी असेल हे माझ्या हाताला सहन झालं नसावं.

चाचा मिनिटभरात सावरले. आम्ही त्यांना पलंगावर बसवलं. मला काय झालं, त्यांनी विचारलं. मग मान वळवून टेबलाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"वायर तर लागलेली आहे," ते म्हणाले.

मी उलटलेलं स्टूल सरळ करून ठेवलं.

त्यांची मुलगी खारघरला कॉलेजात शिकवते. ती तासाभरात आली. तिच्याबरोबर मीही हॉस्पिटलमध्ये गेलो. मी किती चांगला माणूस आहे असं तिला त्या दिवशी वाटलं, ते तिने मला बोलूनही दाखवलं. डॉक्टरांनी नीट चौकशी केली. वायरीचं काम चालू होतं तर विजेचा धक्का बसला का, असं सरळ विचारलं. चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, "नाही. वायर लावलेली होती." डॉक्टरांना काय वायर ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वीज बंद होती ना, म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "हो, बंद होती."

हे खोटं नव्हतं. वीज बंदच होती. या एका वाक्याच्या आधाराने मी पुढचे किती दिवस काढले.

धक्का नाही, तर हाताला झटका का आला? पडल्यावर मिनिटभर बोलले का नाहीत? डोक्याचे फोटो काढले, डोक्याला तारा लावून आलेख काढला. फोटोंत काही निघालं नाही, आलेखात वयाप्रमाणे थोडं काहीतरी होतं. फिट असू शकते, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ, वेळ चुकवायची नाही. एकट्याने जिना उतरायचा नाही. सोल्डरिंग वगैरे तर नाहीच.

गोळ्यांनी त्यांना झोप यायची. चालताना तोल जायचा आणि मग घरच्यांना वाटायचं, बघा, डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा खिडकीपाशच्या टेबलावर जुनी चादर घातलेली होती. ती त्यांनी स्वतः मुलीला घालायला सांगितली होती. डोळ्यांसमोर असलं की हात शिवशिवतात, म्हणाले.

मी फळं घेऊन जायचो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. जिन्यात वाक्य तयार करायचो. वर गेलो की चाची चहा करायच्या, मुलगी असली तर म्हणायची, दादा, तुम्ही येता म्हणून अब्बा दोन शब्द बोलतात. चाचा मात्र हटकून त्या दुपारच्या विषयावर यायचे. त्यांना तक्रार नव्हती. ते फॉल्ट शोधत होते. मी बोट नेलं तेव्हा तुला काय दिसलं? आधी हात उडाला की आधी मान गेली? मला बोटाला चटका बसल्यासारखं आठवतं, पण वायर लागलेली होती, म्हणजे तो मला भास झाला. असं ते मलाच समजावून सांगायचे. एकदा म्हणाले की आयुष्यात एकही फॉल्ट कारणाशिवाय सापडला नाही, हा पहिलाच, आणि तो माझ्या डोक्यात.

मी त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघायचो. तिथे सुरुवातीला एक बारीक पांढरा ठिपका होता. आयुष्यभर सोल्डरचे चटके खाल्लेला हात, त्यात तो कोणाच्या लक्षात येणार? मला मात्र तो जिना चढायच्या आधीपासून दिसायचा. पुढे बुजला, तरी दिसायचा.

मला भीती कसली होती? आधी वाटलं, ते रागावतील. मग एक महिना गेला आणि भीती बदलली. आता उशीर झाल्याचीच भीती. दुसरा महिना गेला. गोळ्या त्यांना कायमच्या चालू राहणार असं त्यांच्या मुलीने सांगितलं त्या दिवशी मी घरी येताना भाजी घ्यायला थांबलो आणि पिशवी दुकानातच विसरून आलो. जानेवारीत कंपनीचा स्वतःचा सुरक्षा सप्ताह आला. दर वर्षीप्रमाणे सगळ्यांपुढे शपथ मी वाचायची होती. घसा बसलाय असं सांगून मी ती दुसऱ्याला वाचायला लावली.

डबा त्या रविवारपासून वर्तमानपत्राखाली झाकलेला होता. बायकोने एक-दोनदा विषय काढला, मग सोडला. फेब्रुवारीत एका रविवारी तिने स्वतःच वर्तमानपत्र काढलं, धूळ पुसली आणि म्हणाली, त्या माणसाला शब्द दिलाय, पूर्ण तरी करा. मी ब्लीडरचा पाय परत जोडला, व्हॉल्व्ह बसवले. मग चाचांचं बोट गेलं होतं त्या अर्थच्या वायरकडे बघत बसलो. ही जमीन इथे कशाला बांधलीस. मी ती ट्रान्सफॉर्मरजवळून सोडवली आणि सुईची वायर जिथे आत येते तिथे, त्या एकाच जागी, बांधली. डबा चालू केला. स्पीकरला कान लावला. घूं नव्हतं. काहीच नव्हतं. तीन आठवडे ज्यासाठी धडपडलो होतो ती शांतता आली होती आणि मला तिथे बसवेना.

बायकोने चाचांची कव्वालीची रेकॉर्ड काढून टर्नटेबलच्या ताटलीवर ठेवली. म्हणाली, पहिली त्यांची ठरली होती ना, बोलवा त्यांना, नाहीतर फोनवर ऐकवा. मी म्हणालो, त्यांना बरं नसतं, नंतर बघू. आणि उठलो.

"अहो," ती म्हणाली, "त्यांचं नाव निघालं की तुम्ही बाथरूमला जाता. चार महिने बघतेय. काय केलंय तुम्ही?"

मी दारात उभा राहून तिला सांगितलं. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढंसं होतं ते.

ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मी पाण्याला गेले तेव्हा?"

मी हो म्हणालो.

तिने रेकॉर्ड ताटलीवरून उचलली, पुसली, कव्हरमध्ये घातली. मी ताब्यात ठेवते, म्हणाली, त्यांच्या आधी या घरात आता काही वाजणार नाही. माझ्या वडिलांचंही नाही. उद्या रजा टाका.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी ट्रे कापडी पिशवीत घालून मोहल्ल्यात गेलो. रमजान सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. गल्ली सामसूम होती. मुलगी घरी होती, खिडकीजवळ पेपर तपासत बसली होती. चाची आत झोपल्या होत्या. मी दारात आलो तेव्हा चाचांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मला बघून त्यांनी तो पटकन खुर्चीमागे ठेवला. मग मीच आहे हे बघून ओशाळं हसले. गोळ्या दोन्ही वेळा खायच्या असतात, उपाशी पोटी चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी रोजे धरू नका सांगितलं होतं. आजारी माणसाला माफ असतं, मुलगी पेपरातून मान वर न करता म्हणाली. हे ती त्यांना रोज सांगत असणार. चाचा म्हणाले, माफ असतं, हां. पण बारा वर्षांचा होतो तेव्हापासून एकही सुटला नव्हता. कुवेतच्या उन्हातही नाही.

जिन्यात तयार केलेलं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं. मी टेबलावरची चादर अर्धी बाजूला केली आणि ट्रे ठेवला. ते म्हणाले, मला कशाला दाखवतोस, मी ते सोडलं.

"चाचा, त्या दिवशी जेवणाआधी मी व्हॉल्व्ह काढून ठेवले होते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन्ही?"

"दोन्ही."

"मग कंडेन्सर कोण खाली करणार? ब्लीडर होता ना?"

"एक पाय सोडवला होता. हमिंग शोधत होतो."

ते खुर्चीत पुढे सरकले. किती व्होल्ट होते, विचारलं. तीनशेच्या जरा खाली, मी सांगितलं. बंद केल्यावर किती वेळाने मी हात घातला? अर्धा तास. त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती, हिशेब करताना हलायची तशी. मग त्यांनी उजवा हात समोर धरला आणि पहिलं बोट अंगठ्याने चोळून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. चार महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

"बेटी," ते मुलीला म्हणाले, "तो करंटच होता. चटका बसला होता मला, मी म्हणत नव्हतो?"

तिने पेन खाली ठेवलं. म्हणजे फिट नव्हती, तिने विचारलं, म्हणजे गोळ्या... त्यांनी हाताने तिला थांबवलं. पुढचा विचार त्यांच्या मनात आला होता, आणि तो येताना मला दिसला. चेहरा पुन्हा विझत गेला.

"नाही," ते म्हणाले. "वायर लागलेली होती. पडल्यावर मी स्वतः बघितली. वायर असेल तर आत काही उरणारच नाही." खुर्चीत मागे टेकून ते हळूच म्हणाले, "जाऊ दे. करंट नव्हता तो. तू भला माणूस आहेस, मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण तो विचार मला तेव्हाही शिवून गेला.

मी पिशवीतून लाल वायर काढली. दोन्ही चिमटे ट्रेच्या कडेला अडकवले, एक कंडेन्सरच्या अगदी शेजारी. म्हणालो, तुम्ही हात घातलात तेव्हा ती अशी होती. मग एक चिमटा सोडवून कंडेन्सरच्या प्लसला लावला. म्हणालो, आणि तुम्ही खाली पडला होतात तेव्हा मी ती अशी केली.

चाचा ट्रेवर वाकले. डावा हात त्यांच्या नकळत खिशात गेला होता. बोटाने त्यांनी वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. त्यांनीच बनवलेली होती ती.

मुलगी उभी राहिली. "डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, दादा," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचारलं होतं."

"हो," मी म्हणालो. "आत्ता फोन लावा त्यांना. मी माझ्या तोंडाने सांगतो. गोळ्यांचं काय करायचं ते ते ठरवतील."

ती फोन आणायला आत गेली. चाचा अजून वायरकडेच बघत होते. बायको पाण्याला गेली होती तशीच ही आत गेली आहे आणि खोलीत पुन्हा आम्ही दोघंच आहोत, हे माझ्या लक्षात आलं. मी दोन्ही हात त्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले.

"चाचा, तुमच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. तुम्ही वायर बघून हात घातलात, तुमचं काही चुकलं नाही. वायर मी लावली नव्हती. ती चूक तेव्हाच कबूल केली असती तर तिथेच मिटली असती. पण मग मी ती लपवली आणि चार महिने तुम्हाला स्वतःवरच शंका घ्यायला लावली. तुमचं टेबल माझ्यामुळे झाकलं गेलं. तुमचे रोजे माझ्यामुळे सुटले. ते मला परत देता येत नाहीत. मला माफ करा."